सहावा नग

गंगावेशीत, जिथं पूर्वी
चाळीस फुटी नायिका वाळत पडायच्या,
ईश्वरा मेस्त्री आता
हातभर कागदावर जपानी नट रंगवतो.
दातांच्या डॉक्टरांची ऑर्डर. सहा नग.

"समदे तिरळे का वो?"
चहावालं पोरगं विचारतं.
"तिरळं न्हाईत ते. टाळी पडायच्या आधी
डोळं असंच हुत्यात."

लाकडात कोरलेली रेघ
ब्रशला सहज येत नाही;
कानापासून हनुवटीपर्यंत
श्वास धरून ठेवावा लागतो.
पाच जमले.

सहावा बाईच्या वेशातला.
बाहीतून निघालेली बोटं
मूळ चित्रात नाहीत तशी उतरली,
करंगळी जरा वाकडी,
कंपनीत राणी व्हायचा त्या बापाची.

पुसायला चिंधी उचलली.
तिनं टेबलाची कड पुसली नुसती.