बशी क्रमांक चौदा

नांदेडात पारा चव्वेचाळीसवर,
लॅबचा इन्व्हर्टर कण्हतोय,
आणि माझ्या हातात अंटार्क्टिकाची चिमूटभर माती
बशीभर उगवून आलेली.

काल औषधाच्या सहा टिकल्या ठेवल्या होत्या.
भोवती रिकामं वर्तुळ पडायला हवं,
भानामतीच्या रिंगणासारखं, आत कुणी न येणारं.
चार टिकल्यांना पडलंच नाही.
जंतू टिकलीला गाल लावून निजलेत.

"कामून ओ मॅडम?" ताहेरा वाकून बघते.
"तिथं ना मेडिकल, ना दवाखाना,
ना अर्ध्यात कोर्स सोडणारं कुणी."

मी सांगू लागले, हे बुरशीशी जुनं वैर,
माणूस नव्हता तेव्हाचं.
आणि थांबले.

पर्सच्या कप्प्यात ॲझिथ्रोची पट्टी आहे,
दोन गोळ्या उरलेल्या.
तिसऱ्याच दिवशी बरं वाटलं होतं मला.