आधी काय दळलं होतं?

सातपूरला, अशोकनगरच्या स्टॉपमागे माझी गिरणी.
भिंतींवर पिठाचा एवढा थर
की खिळा ठोकला तर आधी पीठ सांडतं, मग चुना.

रिहाब आली ती वासावरून.
रस्त्याने चालली होती, थांबली, आत आली,
आणि कुणाला काही न विचारता
कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला. थेट कोपरापर्यंत.
मी ओरडणारच होते.
ती म्हणाली, "दुरा."
म्हटलं, ज्वारी.
"दुरा."
"ज्वारी गं. मालदांडी."
तिनं मूठभर दाणे नाकाशी धरले
आणि परत पोत्यात सोडले, एकेक.

सुदानची. महिरावणीच्या कॉलेजात औषधं शिकते.
पहिले सहा महिने काय खाल्लं ते सांगत होती
आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता.
हॉस्टेलचा भात. केळी. पुन्हा भात.
जेलीच्या गोळ्या नाहीत,
जिलेटिन कुठल्या जनावराचं ते पुडीवर लिहीत नाहीत.
बिस्किटावर मात्र हिरवा ठिपका शोधायचा,
तो असला की निर्धास्त.
म्हटलं, अगं तो आमच्यातल्या शाकाहाऱ्यांसाठी.
म्हणाली, माहितीय. मी उसना घेतलाय.

शनिवारी बसने शालिमार, तिथून पायी भद्रकाली.
मुनाफभाईंकडून अर्धा किलो मटण,
काळी पिशवी, वर वर्तमानपत्र, त्यावर वही,
आणि परतीच्या बसमध्ये खिडकीशी अंग चोरून.
कुणी काही म्हटलं नव्हतं कधी.
तरी वही वरच.
वाळल्या भेंडीची पूड मुंबईत मिळते म्हणे,
पण पुडीपेक्षा कुरिअर महाग.

तेव्हापासून दर गुरुवारी तिचा डबा.
डब्यावर चिठ्ठी उजवीकडून डावीकडे लिहिलेली,
खाली मी खडूने: रिहाब, ज्वारी, एकदम बारीक.
ते पीठ ती दोन दिवस आंबवते.
ऐकून माझी सासू खाटेवरून म्हणाली,
मग आंबीलच की ती, त्यात काय एवढं.

विचारणारी माणसं मला नवीन नाहीत.
राजगिरा घेऊन येतात ते विचारतात, आधी काय दळलं?
भगर घेऊन येतात ते जात्यात डोकावून बघतात.
डॉक्टरनी गहू बंद केलेला एक पोरगा आहे,
त्याची आई माझ्याकडून शपथ घेते.
मी मूठभर धान्य फिरवते, जातं धुऊन निघाल्यासारखं होतं,
सगळ्यांचं समाधान.

पाटणकरकाकूंनी गहू फुलीखाली ठेवले
आणि रिहाबच्या डब्याकडे बघून म्हणाल्या,
"हिचं माझ्या आधी नको हं."
उपास नव्हता. एकादशी नव्हती.
नंबर रिहाबचा होता.
माझ्या तोंडात उत्तर होतं, चांगलं होतं,
आणि मी ते गिळलं. महिन्याचं वीस किलोचं गिऱ्हाईक.
रिहाबनं पायानंच डबा मागे सरकवला.
मी मोटर चालू केली.
मोटरच्या आवाजात कुणाला काही बोलावं लागत नाही.

पुढच्या गुरुवारी ती येणार नाही असं धरून चालले होते.
आली. हातात झाकलेली ताटली.
कागदासारखी पातळ, आंबूस पोळी, आणि भेंडीचं बुळबुळीत कालवण.
मी घास मोडला आणि थबकले. विचारावं की नको?
तिनंच सांगितलं,
"मटण नाही घातलं. गुरुवार. तू खात नाहीस ना."

हे मी तिला कधी सांगितलं होतं?
सांगितलं नव्हतं. तिनं बघितलं होतं.

आता गच्चीवर मखमलाबादची चार किलो भेंडी वाळतेय.
लहान चकत्या, जुन्या धोतरावर, चार कोपऱ्यांना विटा.
पूड करायला धाकटं जातं आहे,
पण त्यावर मिरची दळली जाते.
आधी ते उघडावं लागेल, ब्रशने पुसावं लागेल,
आणि मग दोन मुठी ज्वारी.
दोन नाही. चार.