मागितल्याशिवाय

ऑरिन म्हणाला, माझ्या योद्ध्याला एक शाप हवा.
नियमपुस्तकातला नको. घरी केलेला.

डुलुथ. फेब्रुवारी. खाली मासेमारीच्या आमिषाचं दुकान,
वर आमचं टेबल,
फळ्यांच्या फटींतून टाकीतल्या माशांचा वास.
सरोवर गोठलेलं. गोदीत खनिजाची जहाजं
हिवाळाभर बांधून ठेवलेली.
ऑरिन दिवसभर त्यांच्या पोटात शिरून वेल्डिंग करतो,
येतो तेव्हा भुवया जराशा करपलेल्या.

मी सुचवलं : रातांधळेपणा? सोन्याची हाव?
पौर्णिमेला काहीतरी?
तो ऐकत होता की नाही कोण जाणे.
कार्डाच्या पाठीवर पेन्सिल दाबून लिहिलं त्याने :
कुणी हातात दिलेली वस्तू
देणाऱ्याने परत मागितल्याशिवाय
खाली ठेवता येत नाही.

फेंग हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला.
मी नियम बसवला. दर वस्तूमागे फाशातून एक वजा.
आणि शाप तिथे उःशाप हवाच, म्हणून
माझ्या वहीत, पडद्याआड, एक ओळ लपवली :
देणारा मेला, तर त्याचा वारस मागू शकतो.

तिसऱ्या गुरुवारी गॉब्लिनांना सुगावा लागला.
त्यांनी तलवारी म्यान केल्या, रांग लावली,
आणि अदबीने एकेक गोष्ट हातात द्यायला लागले :
कढईचं झाकण. डाव्या पायाचा जोडा.
एक कोंबडी.
ती कोंबडी पुढे दोन महिने आमच्याबरोबर होती,
मार्गिटने तिला नाव ठेवलं, अंडी मोजली,
एकदा तर तिच्याच ओरडण्याने आमचे जीव वाचले.

मग तो नावाडी.
मी त्याला मारणार नव्हते खरं तर.
फाशावर एक पडला. नावेत पाणी शिरलं.
बुडता बुडता त्याने वल्हं पुढे केलं
आणि ऑरिनने ते धरलं.
कुणी हसलं नाही.
फेंग हळूच म्हणाला, अरे, आता हे कोण मागणार?

त्यानंतर प्रत्येक लढाईत उजवा हात अडकलेला.
मार्गिटच्या पुजारणीकडे शाप उतरवायची पोथी होती,
फुकट वाचते म्हणाली.
ऑरिन म्हणाला, नको, चाललंय.
एवढंच. आणि फासा टाकला, डाव्या हाताने.

त्याची पिकअप खाली उभी असते.
मागच्या सीटवर कोळ्यांचा एक पिवळा रेनकोट,
त्याच्या मापाचा नाही, दोन नंबर मोठा.
मी ऑक्टोबरपासून बघते आहे.
विचारलं नाही. आपलं काय देणंघेणं,
असं म्हणत दर गुरुवारी त्या काचेवरून जाते.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला. रात्रभर
काचा कुटल्यासारखा आवाज किनाऱ्यावर.
पहिलं जहाज भोंगा देत पुलाखालून गेलं
आणि त्या संध्याकाळी मी नावाड्याची मुलगी आणली.
काठावर जाळं विणत बसलेली, वय सोळा.
वहीतली ओळ माझ्यासमोर. फक्त वाचायची होती.

पण ऑरिनची मूठ टेबलावर होती.
उजवी. आवळलेली.
तिच्यात काही नव्हतं, पेन्सिलीशिवाय,
आणि बोटांची पेरं पांढरी झाली होती.

मी तिचा आवाज काढला, जमेल तसा.
म्हटलं, ते माझ्या बाबांचं आहे ना?
तो म्हणाला, हो.
मी म्हटलं, दे इकडे. खूप वागवलंस.

मूठ उघडायला किती वेळ लागला सांगता येत नाही.
खाली दुकानवाल्याने शटर ओढलं,
कुणीतरी कॉफी ओतली आणि प्यायची विसरलं.
मग ऑरिनने पडद्यावरून हात लांब केला
आणि पेन्सिल माझ्या तळव्यावर ठेवली,
कोमट, दातांच्या खुणा असलेली.

आता मे आहे. कोंबडी अजून खेळात आहे.
पिकअपची मागची सीट, मी पाहिलं, मोकळी.
पेन्सिल माझ्या कोटाच्या खिशात.
दर आठवड्याला वाटतं, परत द्यावी.
त्याने अजून मागितलेली नाही.