विरजण

रविवारीही दुखलं पोट,
तेव्हा ऋजुता मला उठवायला आली, जवळजवळ खुशीतच:
"बघ, आज तर शाळाही नाही."

तीन आठवडे मी म्हणत होते, नाटकं.
सहा चाळीसला पोट, सात दहाला व्हॅन,
आणि मध्ये मी, एका हातात उलथनं, दुसऱ्यात तिची वेणी.

कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी पोट चेपून पाहिलं,
मला नाही, तिलाच सगळं विचारलं.
पुड्या दिल्या. कोमट पाण्यात, रोज एक.
"जिवंत जंतू आहेत. चांगले."

तिनं पुडी कानाशी धरून हलवली.

कसं सांगायचं? पातेलं दाखवलं.
डिसेंबरातलं सिडको, ओट्याची फरशी बर्फ,
टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलेलं दूध.
"चमचाभर विरजण पुरतं. फक्त हलवायचं नाही."

तेव्हापासून, व्हॅनवाले काका सांगतात,
खिडकीशी ताठ बसते,
पवननगरच्या खड्ड्यांवर दोन्ही हात पोटावर.

लागलं का दही, मी संध्याकाळी विचारते.
"थंडी आहे ना," ती म्हणते, "वेळ लागेल."

आज सकाळी काहीच बोलली नाही.
सहा चाळीस झाले, पन्नास झाले.
मीही विचारलं नाही.
हलवायचं नसतं.