रुपयाएवढा निळा

दिवाळीच्या सुट्टीआधी मी अकरा चित्रं काढली होती
सुगतसाठी.
चप्पल. दप्तर. हापशी. फाटक.
बस्कर, त्याच्या कोपऱ्यावर त्याचं नाव.
घंटा काढली आणि खोडली,
कारण बोरगव्हाणच्या शाळेत घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
तो वाजला की सुगत टेबलाखाली जातो
आणि खिचडीपर्यंत तिथंच असतो.

करुणाताईंना म्हटलं, रोज दाखवा, झोपायच्या आधी, क्रमानं.
"दाखवीन न मॅडम, पण वेचा लागला.
मी येतो राती, तवा तो झोपेल राह्यते."

मग चित्रं दाखवली आम्रपालीनं,
वय वर्षं पाच,
धुऱ्यावर बसून, कापसाच्या चुंगडीला टेकून,
कधी सुलटी, कधी उलटी,
म्हणजे आधी खिचडी आणि शेवटी चप्पल.
चाललं.

शनिवारी गावंडे सरांकडून किल्ली मागून घेतली.
रिकामी शाळा, मी आणि सुगत.
फाटकापासून वर्गापर्यंत त्यानं भिंतीवरून बोट फिरवत नेलं,
निळ्या भिंतीवरून,
जिथं पोपडे निघालेत तिथं थोडं थांबून.
बस्करावर बसला. उठला. पुन्हा बसला.
मी स्कूटी चालवत परत आले ती गाणं म्हणत.
अकरा गावं आहेत माझ्याकडे,
असा शनिवार वर्षातून एखादा येतो.

रविवारी पंचायतीनं भिंत रंगवली.
निधी परत जाणार होता म्हणे.
पिवळी.

सोमवारी सगळी पोरं ओल्या रंगाचा वास घेत आत पळाली.
सुगत फाटकात.
रडला नाही, ओरडला नाही.
आम्रपालीनं त्याचा सदरा मागून धरलेला,
आणि त्याचं बोट हवेत,
तिथं नसलेल्या कशावरून तरी सरकत होतं.
मी एकेक चित्र पुढं केलं.
चप्पल. दप्तर. हापशी.
माझी पदविका, माझं प्रशिक्षण, माझा मऊ आवाज.
बोट हवेतच.

बेबीताई नेवारे चुलीपासून उठून आल्या,
हातात सराटा, त्याला तांदळाचे दोन दाणे.
"काऊन थांबला बाप्पा?"
त्यांनी माझ्या चित्रांकडे पाहिलंच नाही.
बोटाकडे पाहिलं. मग भिंतीकडे.
मग खाली वाकल्या, सुगतच्या खांद्याइतक्या,
आणि सराट्याच्या कडेनं
नवा रंग खरडला.
रुपयाएवढा निळा.

तो आला.
बोट ठेवलं.
नखात पिवळं गेलं ते त्यानं चड्डीला पुसलं.
बेबीताई दोन पावलं पुढं गेल्या, पुन्हा खरडलं.
पुन्हा दोन पावलं.
असे सात निळे, दारापर्यंत,
आणि चुलीवर खिचडी खाली लागत होती.

दारात गावंडे सर,
हातात घंटेचा हातोडा.
त्यांनी कालची भिंत पाहिली, आजची पाहिली,
बिलावर सही त्यांचीच होती.
काही बोलले नाहीत.
हातोडा खिडकीत ठेवला
आणि पटांगणातल्या पोरांना हातानंच बोलावलं,
जसं कोणी झोपलेल्या घरात बोलावतं.

मंगळवारी सुगत आलाच नाही.
आम्रपालीला ताप, घरी कोणी नाही,
तो दिवसभर आईसोबत पऱ्हाटीत.
मी दुसऱ्या गावी होते, मला बुधवारी कळलं.

बुधवारी आला.
सात होते ते आठ झाले होते.
आठवा अगदी खाली, वाकडा,
पाच वर्षांच्या हाताच्या उंचीवर.

सरपंच विचारून गेले, हे कोणी केलं.
सर म्हणाले, रंग हलका होता.

बेबीताईंना म्हटलं, बारावं चित्र तुम्ही काढा.
"मले कुठी येते चित्र काढता,"
त्या म्हणाल्या,
आणि सराटा पुन्हा खिचडीत.