चौरस इंच

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीत माझं दुकान.
आठ बाय दहा. नंबरप्लेटा, रेडियम,
रिक्षांच्या पाठीवर लिहायचं ते सगळं.
संक्रांत झाली की विद्यापीठातली पोरं येतात,
नखांत ग्रीस, हातात कागद:
कोणाचं नाव केवढं.

गाडी त्यांची एकच माणूस मावेल एवढी.
दार नाही, छत नाही,
अंगभर नावं मात्र हवीत.

पाच लाख दिले त्याला नाक आणि दोन्ही बगला.
दोन लाखांना मागचा पंख.
पन्नास हजारांना वीतभर पट्टी.
त्याखालचे सगळे एका रांगेत, बोटाएवढे,
लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत'सारखे.

चाकणच्या कंपनीतून फोन आला,
निळा आमचाच निळा हवा.
तीन निळे कापून फेकले मी, चौथा पसंत पडला.
ते फेकलेले तीन कोणाच्या देणगीत धरायचे
हे काही त्या कागदावर नव्हतं.

आगाशेबाईंनी अकराशे पाठवले, पेन्शनीतून.
सोबत चिठ्ठी: गाडी मुलगी चालवणार असं ऐकलं.
आडनाव नको, नुसतं कुमुदिनी लिहा.
नियमात बसत नव्हतं. मी कापून टाकलं.

आणि कागदाच्या तळाशी, पेन्सिलीनं:
दस्तगीर मिस्त्री, भोसरी. सहा रात्री लेथ.

याला किती इंच गं, मी विचारलं.
मृण्मयी, यंदाची खजिनदार, कॅल्क्युलेटर घेऊन बसली.
ताशी भाडं गुणिले तास,
वजा आम्ही बिघडवलेले दोन तुकडे...
मग तिचं बोट थांबलं.
म्हणाली, काकू, आम्हाला टूल धरता येत नव्हतं.
ते मागे उभे राहायचे, हातावर हात ठेवून.
पहाटे घरी जायचे, आठला परत ड्यूटीवर.
हे कुठल्या रकान्यात?

मीच फोन लावला. नावाचं स्पेलिंग विचारायला.
पलीकडून मशीनचा आवाज, मग माणसाचा, दबका:
नाव लावू नका ताई.
मशीन मालकाचं आहे.
रात्र तेवढी माझी होती.

थोडा वेळ आम्ही दोघी कटरकडे बघत राहिलो.

मग उरल्यासुरल्या पांढऱ्या रेडियमच्या
मी सहा टिकल्या पाडल्या, पंचनं,
आणि त्यानं घडवलेल्या त्या चार हबांतल्या
पुढच्या डाव्यावर, चाकाच्या आत, गोल लावून दिल्या.
कोणी विचारलंच तर सांगा म्हटलं,
बॅलन्सिंगच्या खुणा आहेत.

माझं बिल चार हजार दोनशे. दरवर्षी अर्धं घेते.
राहिलेल्या अर्ध्याचं नाव कुठे लावणार?
पोरं विचारतात, मी म्हणते जागा कुठाय,
आणि खरंच नसते.

फेब्रुवारीत फोटो आला, मोबाइलवर.
विभागामागचं पार्किंग, संध्याकाळ,
कोणीतरी स्कूटरचा दिवा गाडीवर धरलेला.
हेल्मेटमधली मुलगी. गाडी वेगात.
नाकावरचं पाच लाखांचं नाव पुसट,
निळा कोणाचा ते कळत नाही,
कुमुदिनीचा नुसता कु उरलाय.
डाव्या चाकात मात्र
टिकल्या दिसतच नाहीत,
एक पांढरी रेघ आहे, अखंड, बांगडीसारखी.

तो फोटो मी भोसरीला पाठवला, काही न लिहिता.
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

स्पर्धेत गाडी उतरलीच नाही.
ब्रेकच्या चाचणीत नापास झाली म्हणे,
चारांपैकी एक चाक अडलं नाही.
कुठलं ते मी विचारलं नाही.
मृण्मयी म्हणाली, पुढच्या वर्षी ब्रेक नवे,
ब्रेकला प्रायोजक नवा,
नाक कदाचित दुसऱ्याला द्यावं लागेल.

चौथ्या निळ्याचा रोल अर्धा उरलाय.
धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून
माळ्यावर ठेवलाय.