हात खाली

डायरीत या महिन्यात तिसऱ्यांदा लाल शाई:
'ऋजुता न विचारता उत्तर सांगते. इतर मुलांचा विचार करत नाही.
पालकांनी समज द्यावी.'
मी सही केली.
समज द्यायला दांडिया बाजारचा अख्खा रस्ता होता,
पण स्कूटरवर पाठीला हनुवटी टेकवून
तीच विचारत होती:
शून्य सापडायच्या आधी हातचं सगळं संपलं
तर लोक काय म्हणायचे?
आणि हा सिग्नल नव्वदच सेकंद का, एक्याण्णव का नाही?
मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला.
हिरवा होऊन गेला होता.

घरात ही अशीच.
मिक्सर उघडला, परत जोडला,
एक स्क्रू ओट्यावर ठेवून म्हणाली, हा लागतच नव्हता.
मिक्सर चालतो. स्क्रू मी सुईदोऱ्याच्या डब्यात जपून ठेवलाय.
आजोबांच्या वर्षश्राद्धाला तिनं भटजींना विचारलं,
कावळा शिवला नाही तर
त्याला भूक नव्हती एवढंच सिद्ध होतं ना?
भटजी हसले. काका नाही हसले.
'फार शहाणी झालीय,' म्हणाले.
'शहाणी' हा शब्द आमच्याकडे दोन सुरांत म्हणतात.
लहानपणी मी दुसराच जास्त ऐकला.

त्या रात्री मी तिला एक युक्ती शिकवली.
प्रेमानंच शिकवली, हे लिहून ठेवते:
उत्तर आलं की मनात दहा मोजायचे,
मगच हात वर.
तिनं मोजले, कुठलंही गणित सोडवते तसे, मनापासून.
मग म्हणे, दहा होईपर्यंत दुसरं कुणी सांगून टाकतं.
मग म्हणे, हात वर करायचं राहूनच गेलं.
मग काही म्हणेना.

डायरीत निळा तारा आला. 'छान सुधारणा.'
भेंडी चिकट का असते हे न विचारता
तिनं भेंडी खाल्ली.
सिग्नलला पाठीवर हनुवटी होती,
पण नुसती हनुवटी.
मीच आकडे मोठ्यानं वाचले, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी.
ती म्हणाली, आई, लोक बघतायत.

रविवारी तिला कमाटीबागेत नेलं, म्युझियममध्ये,
देवमाशाच्या सांगाड्यापाशी.
पहारेकरी जेसंगभाई सवयीनं म्हणाले,
'बेटा, अडवानुं नहीं.'
तिचे हात त्याआधीच पाठीमागे बांधलेले होते.
शेपटीकडून डोक्याकडे गेली, ओठ हलवत,
परत आली, परत गेली.
एका मणक्यापाशी थांबली.
पाठीमागचा उजवा हात सुटला,
खांद्यापर्यंत आला
आणि तिथंच अडकून राहिला.
माझ्या लक्षात आलं, ती मोजतेय.
मीही मोजू लागले. एक. दोन.
वर पंखा कुरकुरत होता.
पाच.
साताच्या पुढे मला जाता येईना.
'बोल,' मी म्हटलं, जरा जास्तच मोठ्यानं.

'हा एक उलटा बसवलाय. बहुतेक.
का हा असाच होता?'

मला माहीत नाही. जेसंगभाईंनाही नाही.
ते स्टूल सोडून आले,
सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला,
आणि आम्ही तिघं माना वाकड्या करून
बघत राहिलो.